अनियमित नाडी आणि पक्षाघाताचा धोका

एट्रिअल फिब्रिलेशन हा हृदयाच्या लयीचा सर्वांत जास्त आढळणारा गंभीर बिघाड आहे. पक्षाघाताच्या टाळता येण्याजोग्या कारणांतही त्याचा क्रमांक फार वरचा लागतो. निरोगी हृदयात प्रत्येक ठोक्याचा विद्युत संदेश उजव्या अलिंदातून, म्हणजे वरच्या उजव्या कप्प्यातून निघतो. तो वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरतो, मधल्या गाठीशी क्षणभर रेंगाळतो आणि मग निलयांत, म्हणजे खालच्या कप्प्यांत उतरतो. या आजारात ही शिस्त मोडते. वरच्या कप्प्यांत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे संदेश वेडेवाकडे फिरू लागतात आणि अलिंदे आकुंचन पावायची सोडून नुसती थरथरत राहतात. मधली गाठ त्यांतले थोडेच संदेश खाली सोडते, पण कोणता कधी सोडेल याला काही धरबंध उरत नाही.

हा बिघाड बोटांना कळतो. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला बोटे ठेवली की दोन ठोके लगोलग लागतात, मग जरा खंड पडतो, मग एक जोरकस ठोका येतो आणि त्यामागून एक जेमतेम जाणवणारा. मिनिटभर मोजूनही ताल सापडत नाही. रुग्ण सांगतात की छातीत धडधडते, फडफडल्यासारखे होते, दोन जिने चढले की दम लागतो. अनेकांना मात्र काहीच जाणवत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. अशा माणसाला आपला आजार कळतो तो पक्षाघात होऊन रुग्णालयात गेल्यावर.

हृदयाच्या थरथरण्याचा मेंदूशी संबंध येतो तो डाव्या अलिंदाला लागून असलेल्या एका छोट्या पिशवीमुळे. ती साधारण करंगळीएवढी असते. कप्पा नीट आकुंचन पावत असेल तर तिच्यातले रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर ढकलले जाते. कप्पा नुसता थरथरत असेल तर रक्त तिथे साचते, आणि साचलेले रक्त गोठते. झडपा निरोगी असलेल्या रुग्णांत डाव्या अलिंदातल्या दहापैकी सुमारे नऊ गुठळ्या याच पिशवीत सापडतात. गुठळी सुटली की महाधमनीतून थेट मेंदूकडे जाऊ शकते. ती बऱ्यापैकी मोठी असल्याने मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पाडते, आणि म्हणून असा पक्षाघात इतर कारणांनी होणाऱ्या पक्षाघातापेक्षा जड जातो.

हे आज सरळ वाटते, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत धोका मानला जाई तो प्रामुख्याने झडप खराब झालेल्या रुग्णांपुरता. झडपा चांगल्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाची नाडी अनियमित असली तर ती वयाची खूण समजून सोडून दिली जाई. हा समज मोडला तो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रॅमिंगहॅम या गावाने. १९४८ साली तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून त्यांची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली. चोवीस वर्षांच्या माहितीवरून, १९७८ मध्ये, फिलिप वुल्फ आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. झडपेच्या आजारासह एट्रिअल फिब्रिलेशन असेल तर पक्षाघाताचा धोका सतरा पटींहून अधिक, आणि झडपेचा आजार नसतानाही पाच पटींहून अधिक होता. पुढे याच अभ्यासातून दिसले की अशा रुग्णांपैकी २५ टक्के पक्षाघातानंतर तीस दिवसांच्या आत दगावले. लय ठीक असताना पक्षाघात झालेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते.

गुठळी होऊ न देणारे औषध तोवर हाताशी आलेले होते. त्याची सुरुवात गुरांच्या एका रोगापासून झाली. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला गोड क्लोव्हर नावाचा चारा खाल्लेली जनावरे रक्तस्राव होऊन मरू लागली. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळात गाडी हाकत मेलेली कालवड, तो खराब चारा आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोहोचला. लिंक यांच्या चमूने पुढे काही वर्षे खपून चाऱ्यातले द्रव्य वेगळे केले. त्याच कुळातले वॉरफेरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झाले. ते के जीवनसत्त्वाच्या आधारे यकृतात तयार होणारे रक्त गोठवणारे घटक कमी करते. लोक त्याला 'रक्त पातळ करण्याची गोळी' म्हणतात. प्रत्यक्षात रक्त पातळ होत नाही, त्याची गोठण्याची क्षमता घटते.

एट्रिअल फिब्रिलेशनमध्ये ही गोळी किती उपयोगी पडते, हे १९८९ पासून पुढच्या चार-पाच वर्षांत डेन्मार्क, अमेरिका आणि कॅनडात झालेल्या चाचण्यांनी दाखवले. या आणि नंतरच्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार वॉरफेरिनने पक्षाघात सुमारे ६४ टक्क्यांनी घटतो, तर अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी जेमतेम २२ टक्क्यांनी. इतके परिणामकारक प्रतिबंधक उपचार वैद्यकात फार थोडे आहेत.

तरीही वृद्ध रुग्णांना वॉरफेरिनऐवजी अ‍ॅस्पिरिन देण्याची सवय जगभर टिकली. वयस्कर माणसाला कडक औषध कशाला, अ‍ॅस्पिरिन सौम्य आहे, असा त्यामागचा विचार होता. तो चुकीचा होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये ७५ वर्षे आणि त्यापुढच्या ९७३ रुग्णांवर झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वॉरफेरिन घेणाऱ्यांत गंभीर पक्षाघात, मेंदूतील रक्तस्राव वा अन्यत्र गुठळी अडकणे यांचे प्रमाण वर्षाला १.८ टक्के होते, तर अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत ३.८ टक्के. मोठा रक्तस्राव मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखाच होता. म्हणजे अ‍ॅस्पिरिनने संरक्षण निम्मे केले आणि जोखीम होती तेवढीच ठेवली. केवळ या आजारातला पक्षाघात टाळण्यासाठी आता अ‍ॅस्पिरिन दिली जाऊ नये, असेच मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

प्रत्येक रुग्णाला गोळी लागतेच असे नाही. त्यासाठी गुणांची एक सोपी पद्धत वापरतात. हृदयाची ताकद कमी असणे, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचा आजार यांना प्रत्येकी एक गुण, वय ६५ ते ७४ असेल तर एक, ७५ किंवा अधिक असेल तर दोन, आणि पूर्वी पक्षाघात होऊन गेला असेल तर दोन. पूर्वी स्त्री असण्यालाही एक गुण मिळे. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तो काढून टाकला. या पद्धतीत दोन किंवा अधिक गुण झाले की गोळी सुरू करण्याची शिफारस आहे. रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या ७६ वर्षांच्या आजींचे चार गुण होतात. त्यांना धडधड होत नाही, तब्येत छान वाटते, याने या हिशेबात काहीही फरक पडत नाही.

वॉरफेरिन आणि भारतात बरीच वापरली जाणारी तिची बहीण असेनोकूमरॉल यांच्यासोबत राहणे कष्टाचे असते. परिणाम मोजण्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी वारंवार करावी लागते. आकडा साधारण दोन ते तीनच्या दरम्यान हवा. दोनच्या खाली गुठळीचा धोका, तीनच्या बराच वर गेला तर रक्तस्रावाचा. पालक, मेथी, कोबी यांत के जीवनसत्त्व भरपूर असते. त्यामुळे एखाद्या आठवड्यात रोज पालेभाजी आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असे झाले की आकडा हलतो. भाजी सोडायची नसते, प्रमाण सारखे ठेवायचे असते. हे न सांगितल्याने कितीतरी घरांत रुग्णाची पालेभाजीच बंद होते. प्रतिजैविके आणि दुखण्यावरच्या गोळ्याही या औषधाच्या परिणामात ढवळाढवळ करतात. तपासणीची सोय तालुक्याच्या गावी आणि मजुरी बुडवून जायचे, अशी स्थिती असेल तर आकडा महिनोन्‌महिने कोणी पाहत नाही.

म्हणूनच डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सबॅन आणि अपिक्सबॅन या नव्या गोळ्यांचे स्वागत झाले. त्यांना नियमित आयएनआर लागत नाही, पथ्य लागत नाही. २००९ ते २०११ या काळात हजारो रुग्णांवर त्यांच्या चाचण्या झाल्या. १८,२०१ रुग्णांच्या एका चाचणीत वॉरफेरिनच्या तुलनेत अपिक्सबॅनने पक्षाघात आणि अन्यत्र गुठळी अडकणे २१ टक्क्यांनी, मोठा रक्तस्राव ३१ टक्क्यांनी आणि मृत्यू ११ टक्क्यांनी कमी केले. मेंदूतील रक्तस्राव तर तिन्ही गोळ्यांनी घटला. भारतीय कंपन्यांची जेनेरिक रूपे आल्यावर किमतीही उतरल्या.

पण या मोठ्या चाचण्यांतून झडप आकसलेले रुग्ण वगळले होते, आणि भारतासाठी ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे. लहानपणी घशाला झालेल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गानंतर काही मुलांना सांधे सुजवणारा ऱ्हुमॅटिक ताप येतो. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून हृदयाच्या झडपांवर हल्ला करते. वर्षे सरतात तशी डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड होते, आकसते, डावे अलिंद फुगते आणि तरुण वयातच लय बिघडते. दाटीवाटीची घरे आणि वेळेवर न मिळणारे उपचार यांमुळे हा गरिबीचा आजार आहे. ४६ देशांतल्या एका मोठ्या नोंदणीत एट्रिअल फिब्रिलेशन असलेल्या उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांपैकी फक्त २.२ टक्क्यांना ऱ्हुमॅटिक झडपेचा आजार होता, तर भारतातल्या ३१.५ टक्क्यांना.

या रुग्णांना नवी गोळी चालेल का? तपासणीची कटकट वाचेल म्हणून बहुतेकांची अपेक्षा होकाराची होती. उत्तर शोधण्यासाठी आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांत साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर इन्व्हिक्टस ही चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. शोधनिबंधाच्या प्रमुख लेखकांपैकी एक दिल्लीच्या एम्समधले गणेशन कार्तिकेयन होते. रुग्णांचे सरासरी वय अवघे पन्नास आणि त्यांत जवळपास पाऊण हिस्सा स्त्रिया. एका गटाला रिव्हरॉक्सबॅन, दुसऱ्याला वॉरफेरिनच्या जातीची जुनी गोळी. निकाल अपेक्षेच्या उलट लागला. नव्या गोळीच्या गटात ५५२ मृत्यू झाले, जुन्या गोळीच्या गटात ४४२. रक्तस्रावात लक्षणीय फरक नव्हता. जुन्या गटातल्या अनेकांचा आयएनआर बराच काळ योग्य मर्यादेबाहेर होता, तरीही जुनी गोळीच सरस ठरली. असे का झाले याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. महिन्यातून एकदा तपासणीला येणाऱ्या रुग्णावर डॉक्टरची नजर राहते, हे एक संभाव्य कारण मानले गेले; पण तेवढ्याने सगळा फरक समजावता येत नाही.

श्रीमंत देशांतल्या सत्तरीच्या रुग्णांवरचे निष्कर्ष पन्नाशीतल्या शेतमजूर बाईला जसेच्या तसे लावले असते तर त्यात जीव गेले असते. तेव्हा मध्यम किंवा तीव्र प्रमाणात आकसलेली मायट्रल झडप, किंवा बसवलेली धातूची कृत्रिम झडप असेल, तर गुण मोजत बसायचे नाही आणि नव्या गोळीकडेही वळायचे नाही. वॉरफेरिनच्या जातीचीच गोळी घ्यायची. धातूच्या झडपेत डॅबिगॅट्रानची चाचणी तर गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती. सोनोग्राफीच्या तंत्राने होणारी इकोकार्डिओग्राफी म्हणूनच या आजारात टाळता येत नाही. ती झाल्याशिवाय कोणती गोळी हेच ठरत नाही. आणि मुळावर घाव घालायचा तर ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे चुकू न देणे हाच उपाय आहे.

रक्तस्रावाची भीती रास्त आहे, पण ती बहुधा चुकीच्या जागी असते. आजोबा तोल जाऊन पडतील, डोक्याला मार लागेल, म्हणून गोळी नको, असे घरचेही म्हणतात आणि काही डॉक्टरही. १९९९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी गणित मांडले: पक्षाघाताचा सरासरी धोका असलेला वृद्ध रुग्ण वर्षातून सुमारे २९५ वेळा पडत असेल, तरच वॉरफेरिनचा तोटा फायद्याला मागे टाकेल. हे गणित आहे, प्रत्यक्ष चाचणी नव्हे. पण तराजू कुठे झुकतो ते त्यातून कळते. रक्तदाब आटोक्यात ठेवणे, दारू टाळणे, दुखण्यावरच्या गोळ्या मनाने न घेणे यांनी रक्तस्राव खरोखर कमी होतो. गोळी अजिबातच चालणार नाही अशा रुग्णांत अलिंदाची ती छोटी पिशवी उपकरणाने बंद करतात.

लय पूर्ववत करणे हा उपचाराचा दुसरा भाग. आजार नवा असताना औषधाने किंवा अब्लेशनने, म्हणजे चुकीचे संदेश सोडणारी हृदयातली जागा निकामी करून, लय सुधारली तर हृदयाचे मोठे धोके घटतात, असे २०२० मधल्या एका युरोपीय चाचणीत दिसले. पण लय परतली म्हणून रक्ताची गोळी बंद करायची नसते. ती धोक्याच्या गुणांवर अवलंबून असते. आजार दडलेला असताना तो सर्वांत शोधत फिरावा का, याचे उत्तर अजून संमिश्र आहे. स्वीडनमध्ये ७५-७६ वर्षांच्या नागरिकांची तपासणी केल्यावर लाभ दिसला, पण थोडा. साठी ओलांडलेल्या माणसाची नाडी रक्तदाब मोजतानाच अर्धा मिनिट पाहणे आणि अनियमित लागली तर ईसीजी काढणे, एवढे मात्र कोणत्याही दवाखान्यात फारशा खर्चाविना होऊ शकते.

सर्व काळजी घेऊनही पक्षाघात होऊ शकतो. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. रुग्ण रक्ताची गोळी घेत असेल तर ते इंजेक्शन कदाचित देता येणार नाही आणि गुठळी तारेने काढावी लागेल. म्हणून गोळीचे पाकीट, शेवटची गोळी घेतल्याची वेळ आणि आयएनआरचा ताजा कागद रुग्णासोबत न्यावा.