खाम शेजारी, पाणी मात्र डोंगरातलं

संभाजीनगरच्या पाणचक्कीवरचा गेला लेख वाचून एका वाचकाने विचारलंय: चक्की ज्या दर्ग्याच्या आवारात आहे, त्याला लागूनच खाम नदी वाहते, मग काही कोसांवरच्या डोंगरातून खापरी नळाने पाणी आणण्याची यातायात कशासाठी? हा प्रश्न आधी घ्यायला हवा. अख्खी चक्की याच्या उत्तरावर उभी आहे.

खाम उन्हाळ्यात आटते, हे अर्धं उत्तर. दर्ग्यातल्या फकिरांना नि वाटसरूंना प्यायला बारमाही पाणी लागे, हेही खरं. पण दळणाला पाण्याइतकीच त्याची उंची लागते. सेकंदाला 10 लिटर पाणी 10 मीटरवरून पडलं, तर त्यात साधारण 1 किलोवॉट ताकद असते. माणूस तासन्‌तास राबतो तो 75 वॉटच्या आसपास. घर्षणात निम्मी ताकद गेली, तरी सहा-सात माणसांचं काम त्या बारीकशा धारेत उरतं. तेवढंच पाणी खामेच्या पात्रातून संथ वाहत गेलं, तर त्यातून जातं काही फिरणार नाही. म्हणून डोंगरात मिळालेली उंची नळातून जपत आणायची, आवारातल्या उंच भिंतीपर्यंत टिकवायची आणि तिथे खर्च करायची.

आता यंत्राकडे. पाती आडवी आहेत, जमिनीखाली. नळातून सुटलेली धार त्यांच्यावर आदळते, मधला दांडा उभा फिरतो आणि खालच्या दगडाच्या भोकातून वर येऊन थेट वरच्या दगडाला फिरवतो. मध्ये एकही दातेरी चाक नाही. युरोपातल्या चक्क्यांची मोठी उभी चाकं चित्रांत देखणी दिसतात, पण तिथे फिरणं काटकोनात वळवायला दात्यांची जोडी लागते; झिजते ती, मोडते ती. मला ही आडवी जातच जास्त शहाणी वाटते. उत्तराखंडातले घराट याच जातीचे, आणि त्यांतले काही आजही दळतात.

घरच्या जात्यात खुंटा वरून धरून ओढतो, इथे ताकद खालून येते. या जातीत वरचा दगड दांड्याच्या टोकावर तोललेला असतो. दांडा केसभर वर घेतला की पीठ जाडं, खाली सोडला की बारीक. वैरणीचीही सोय घराटात पाहण्यासारखी आहे: धान्याच्या टोपलीला बांधलेली काठी फिरत्या दगडावर ठेचकाळत राहते आणि त्या हिसक्यांनी दाणे गळतात. पाणी वाढलं, दगड वेगाने फिरू लागला, की दाणेही आपोआप जास्त पडतात. झिजलेल्या दगडांना टाकी लावून ते पुन्हा खरखरीत करण्याचं काम तेवढं माणसाचं उरतं.

पाणचक्कीच्या आवारात ही सगळी करामत सहज डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक जण भिंतीवरून हौदात पडणाऱ्या पाण्याचा फोटो काढून निघतात. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे. त्या दालनात जरूर उतरा, उन्हाळ्यातही गारवा असतो. मग चक्कीच्या खोलीत या आणि दगडाआधी जमिनीखालच्या पात्यांकडे पाहा. पाऊस चांगला झालेल्या वर्षी, दसऱ्याच्या आसपास गेलात, तर पाण्याचा जोर बघायला मिळेल.