घड्याळाची नदी आणि कड्याची नदी

रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीच्या काठी रोज सकाळी एक अजब दृश्य दिसते. शिरस्त्राण घातलेली, अंगावर तरंगती जाकिटे चढवलेली मंडळी रबरी तराफ्यांपाशी पाण्याची वाट पाहत उभी असतात. वरच्या भिरा वीजगृहाकडून पाणी सुटले की खडकाळ पात्र फेसाळू लागते आणि सुमारे बारा किलोमीटरांची ती थरारक जलयात्रा सुरू होते. विसर्ग नसेल त्या दिवशी खेळही नाही.

ह्या खेळाचा हेवा करण्याचे कारण नाही. तराफेवाले पाणी पळवीत नाहीत. वीज करून मोकळे झालेले पाणीच त्यांच्या वाट्याला येते. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून तेच पाणी रोहे-माणगावच्या भातशेतीला मिळते. प्रश्न आहे तो हे पाणी मुळात कोठले, हा.

ते मुळशीचे. मुळा नदी पूर्ववाहिनी. तिचे पाणी निसर्गाने भीमेला दिले होते. टाटांच्या धरणाने ते अडवून सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर सोडले. 1921 साली सेनापती बापटांनी मावळ्यांसह त्याविरुद्ध सत्याग्रह केला; तो मोडला आणि 1927 साली भिऱ्याचे वीजगृह चालू झाले. मुळशीसह टाटांच्या सहा धरणांतून पश्चिमेकडे वळणाऱ्या पाण्याचे मान वर्षाला सुमारे 42 टीएमसी धरले जाते. उजनीचा उपयुक्त साठा सुमारे 53 टीएमसी आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे हा आकडा किती मोठा ते कळते.

आणि आष्टी तालुक्यातील कडा? कड्याचे पाणी सीनेला, सीनेचे भीमेला मिळते. म्हणजे मुळशी आणि कडा एकाच खोऱ्याची लेकरे. पण कड्याच्या नदीला वेळापत्रक नाही. उन्हाळ्यात ती वाळूची पट्टी असते, आणि सप्टेंबर 2025 मध्ये तिचे पाणी गावात शिरून अडकलेल्या माणसांची सुटका करावी लागली.

कृष्णा-मराठवाडा योजनेत 23.66 टीएमसीची मागणी होती. पहिल्या टप्प्यात 7 टीएमसी मान्य झाले. त्यांतून आष्टीचा वाटा उजनीतून उचलून खुंटेफळच्या तलावात आणायचा आहे. म्हणजे मुळशीचे पाणी उद्या पूर्वेकडे सोडले, तरी ते उजनीत थांबेल. कड्याच्या दिशेने चढविण्यास वीज लागेल. जे पाणी कड्यावरून खाली टाकून वीज होते, तेच वर चढविण्यासाठी पुन्हा वीज जाळावयाची! (गावाचे नाव कडा असावे, हाही योगायोगच.)

म्हणून 'टाटांचे पाणी बंद करा' ही घोषणा प्रस्तुत लेखकास अपुरी वाटते. मुंबईला वीज हवी आहे, पण 1927 साली तिला जेवढा दुसरा आधार नव्हता तेवढा आज आहे. अवर्षणाच्या वर्षी मुळशीतून किती पाणी पूर्वेस सोडायचे, हे पावसाळा संपताच ठरवून जाहीर करावे. आणि तोवर खुंटेफळचे काम पुरे करावे, नाहीतर सोडलेले पाणी आष्टीच्या दाराशी येऊन सोलापूरकडे निघून जाईल.