बाजरीतील लोह अंगी किती लागले?

‘धनशक्ती’ हा बाजरीचा लोहसमृद्ध वाण 2014 मध्ये देशपातळीवर प्रसारित झाला. दाण्यात लोह किती, हे प्रयोगशाळा सांगते. खाणाऱ्याच्या अंगी ते किती लागले, हा प्रश्न अधिक अवघड आहे. आहाराच्या तोंडी नोंदीत विसर पडतो, भाकरीचा आकारही घरागणिक बदलतो. म्हणून रक्तातील फेरिटिन तपासतात. शरीरातील लोहसाठ्याचा तो जैवसूचक होय. मात्र संसर्ग वा दाह असल्यास साठा रिकामा असूनही तो वाढलेला दिसतो. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांत लिटरमागे 15 मायक्रोग्रॅमखालील पातळी लोहकमतरता मानते. संसर्ग वा दाह असता हीच मर्यादा 70 धरते. एवढी तफावत असताना सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन न तपासता निष्कर्ष काढणे धाडसाचेच. हिमोग्लोबिन तर त्याहून ढोबळ. ते उशिरा घटते आणि बी-12 जीवनसत्त्वाच्या अभावीही घटते. शिवाय फेरिटिन साठा दाखवते, सेवन नव्हे. जेवणासोबत चहा घेतल्यास लोहाचे शोषण कमी होते, ही बाब नोंदवहीत क्वचितच येते. गावात तपासणी करताना विस्तार कार्यकर्त्यांनी अलीकडील ताप-जुलाबाची नोंद घ्यावी आणि नव्या वाणाची भाकरी ताटात येण्यापूर्वीचा रक्तनमुनाही आरोग्य कर्मचाऱ्यांकरवी घेववावा.