चिकूच्या कलमाखालची खिरणी

इफ्तारच्या थाळीत खजुराशेजारी चिकूच्या फोडी आपल्याकडे नेहमीच्याच. ‘घोलवडचा आहे’ असं सांगून फळवाला थोडे जास्त पैसे मागतो आणि आपण देतोही. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे नावाला वजनही आलं. पण ज्या झाडाला हा चिकू लागतो, त्याची मुळं बहुधा चिकूची नसतात, हे किती घरांत ठाऊक असेल?

कलमं तयार करणाऱ्या रोपवाटिकेत पाहा. पिशवीत वाढवलेलं रोप असतं खिरणीचं. कोकणात तिला रांजण म्हणतात. तलासरी ओलांडून गुजरातेत शिरलं की ती रायण होते. उन्हाळ्यात पिवळी, लहानशी, गोड आणि ओठांना चिकटणारी फळं देणारं हेच ते झाड. तिच्या रोपावर चिकूची, बहुतेकदा कालीपत्तीची, फांदी बांधतात. खाली खिरणीची चिवट मुळं, वर चिकूची फळं.

खरं नवल पुढेच आहे. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. खिरणी आपल्या मातीतली. मधे महासागर. तरी दोघांची साल एकमेकींना धरते, रस एकीतून दुसरीत चढतो. आंब्याच्या रोपावर चिकू बांधून पाहा, जगणार नाही. कलम जमतं ते नात्यात. माळ्याच्या हाताला हे नातं आधीच कळलं होतं. पुरावा नंतर पानातून मिळाला.

पानाला हिरवेपणा देणारे बारीक कण म्हणजे हरितलवकं. एके काळी स्वतंत्र जगणाऱ्या सूक्ष्म जीवांची ती वंशज, म्हणून त्यांच्याजवळ स्वतःचा डीएनए असतो. बहुतेक झाडांत तो साधारण दीड लाख अक्षरांचा. तो सहसा आई-बाप दोघांकडून नव्हे, एकाकडूनच येतो, त्यामुळे त्यात सरमिसळ होत नाही, आणि तो बदलतोही सावकाश. दोन झाडांतल्या अक्षरांचा फरक मोजला की नातं किती जवळचं ते कळतं. आपल्या जुन्या घरांत खानदानाचा शजरा जपून ठेवलेला असतो, तसाच हा झाडांचा शजरा.

फुलझाडांत तो बहुधा आईकडून उतरतो. हिमालयातल्या चीड-देवदारांच्या गोतात मात्र उलटं: परागकणांबरोबर बापाकडून. चीड म्हणजे पाइन. त्याच्या पेशीतला मुख्य डीएनए दोन हजार कोटी अक्षरांच्या घरात, वाचायला महाप्रचंड. म्हणून त्या कुळाचा इतिहास लावताना हरितलवकाचाच आधार फार झाला. जपानी काळ्या पाइनचा असा डीएनए १९९४ साली संपूर्ण वाचून झाला: १,१९,७०७ अक्षरं.

चिकू आणि खिरणी ज्या ‘मनिलकारा’ कुळातली, त्याचा शजरा केट आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडला. त्यांनी हरितलवकातले तीन तुकडे आणि मुख्य डीएनएचा एक तुकडा वाचला. दोन्हींची साक्ष लागते, कारण ती प्रत्येक वेळी जुळतेच असं नाही. कालगणना त्यांनी मुख्य डीएनए आणि जीवाश्मांवरून केली. निष्कर्ष असा की हे कुळ सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत उगवलं आणि तिथून अमेरिकेत नि आशियात पसरलं. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका तर त्याच्या कितीतरी आधी वेगळ्या झाल्या होत्या. म्हणजे बिया समुद्र ओलांडून गेल्या असणार. एकाच घराण्याच्या दोन फांद्या कोट्यवधी वर्षांनी डहाणूत, माळ्याच्या सुतळीने पुन्हा बांधल्या गेल्या.

मग चिकूत खिरणीचे गुण उतरतात का, असं अनेक जण विचारतात. २००९ साली जर्मनीत तंबाखूच्या कलमांवर दिसलं की सांध्याच्या जागी हरितलवकाचा डीएनए एका झाडाच्या पेशीतून दुसऱ्याच्या पेशीत जाऊ शकतो, पण ते सांध्यापुरतंच. वरचं फळ चिकूचंच राहतं.

अडचण वेगळी आहे. खिरणी हळू वाढते. कलम बांधण्याजोगी व्हायला तिला दीड-दोन वर्षं लागतात. घाईच्या जमान्यात हे कुणाला परवडतं! आणि तिचं बी लागतं ते बांधावरच्या जुन्या झाडांचं, ज्यांचं कठीण लाकूड तोडणाऱ्याला मोहात पाडतं. अंगणासाठी कलम घेताना खाली खिरणी आहे का, हे विचारून घ्यावं. सांध्याखालून फूट आली तर पान पाहा. चिकूचं पान टोकाला निमुळतं, खिरणीच्या पानाच्या टोकाला खाच. खाचेची फूट लगेच काढावी. ठेवली तर दोन-चार पावसाळ्यांत चिकू मागे पडतो आणि अंगणात रायण उभी राहते.