लंडन ते झरमॅट, रुळांवरून

लंडनमधल्या मराठी घरांत उन्हाळ्यात एक बेत हमखास शिजतो. पुण्या-नाशिकहून आई-बाबा आलेले असतात, मुलांच्या शाळेला सुट्टी लागलेली असते आणि कुणीतरी म्हणतं, "या वेळी मॅटरहॉर्न शिखर बघू या. रेल्वेनं जाऊ." लगेच दुसरा आवाज येतो, "रेल्वेनं? दोन दिवस मोडतील. आणि एवढी तिकिटं काढणार कोण?" बेत तिथंच बारगळतो. यातल्या दोन्ही शंका ऐकीव माहितीवर उभ्या आहेत, आणि त्यांच्यापायी एक अतिशय सुंदर प्रवास हातचा जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी वेळेचं बघू. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून युरोस्टार पॅरिसला साधारण सव्वादोन ते अडीच तासांत पोचते. पॅरिसहून स्वित्झर्लंडच्या हद्दीवरचं बाझल टीजीव्ही लिरिया गाडीनं तीन तासांवर. बाझलहून बर्नमार्गे फिस्प दोन तास, आणि फिस्पहून मीटरगेजच्या डोंगरी गाडीनं झरमॅट साधारण सव्वा तास. गाड्या बदलायचा वेळ धरून दहा-अकरा तास होतात. म्हणजे सकाळी लवकर निघालं, तर त्याच संध्याकाळी तुम्ही मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी. घड्याळ मात्र पॅरिसला एक तास पुढे करायचं, हे हिशेबात धरा.

"पण विमानानं दीड तासात पोचतो!" पोचता, पण जिनिव्हाला. झरमॅटला विमानतळ नाही. जिनिव्हाच्या विमानतळावरून झरमॅट रेल्वेनं जवळपास चार तासांवर आहे. घर ते विमानतळ, सुरक्षा तपासणी, सामानाचा पट्टा हे सगळं मोजलं की विमानानं वाचतात ते एखाद-दोन तास. आणि शेवटी बसायचं त्याच डोंगरी गाडीत.

आता तिकिटं. सगळ्यात मोठा घोळ इथं होतो, आणि तो आपल्या सवयीमुळे होतो. आपल्या मनात भारतीय रेल्वेचं आरक्षण पक्कं बसलेलं आहे: साठ दिवस आधी खिडकी उघडते (नोव्हेंबर 2024 पर्यंत ती एकशेवीस दिवस आधी उघडायची), मग वेटिंग, आरएसी, शेवटी तत्काळ. त्यामुळे युरोपात काहीजण पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत जागा राखायला धावतात, तर काहीजण 'युरोपात गर्दी कुठं असते' म्हणत आदल्या आठवड्यापर्यंत थांबतात. दोघांचंही नुकसान होतं, कारण या एकाच प्रवासात दोन अगदी वेगळ्या पद्धती आहेत.

युरोस्टार आणि लिरिया या गाड्यांचा कारभार विमानासारखा चालतो. आरक्षण सक्तीचं, तिकीट त्याच गाडीचं, त्याच जागेचं. वेटिंग लिस्ट नाही. जागा भरत जातात तसं भाडं चढत जातं. तिकिटं काही महिने आधी खुली होतात, तेव्हाच घ्यावीत. बाझलच्या पुढे मात्र वेगळं जग सुरू होतं. स्विस गाड्यांना बहुतेक ठिकाणी आरक्षण लागतच नाही. तिकीट मार्गाचं असतं. त्या दिवशी त्या मार्गावरच्या कुठल्याही गाडीत बसा. आदल्या दिवशी घेतलं म्हणून नेहमीचं भाडं वाढत नाही. सवलतीची 'सुपरसेव्हर' तिकिटं मिळतात, पण ती एका ठरावीक गाडीला बांधलेली असतात. माझं मत असं, की लांबून येणाऱ्यानं ती घेऊ नयेत. पॅरिसची गाडी वीस मिनिटं उशिरा आली, की सवलतीच्या तिकिटाला अर्थ उरत नाही. नेहमीचं तिकीट असेल तर पुढची गाडी पकडायची, इतकंच.

यातूनच दुसरी भीती निघते. नियोजनात 'फिस्प: गाडी बदलायला आठ मिनिटं' असं दिसलं की आजी-आजोबांच्या पोटात गोळा येतो. ही आठ मिनिटं चुकून ठेवलेली नाहीत. स्वित्झर्लंडनं 1982 मध्ये देशभर तासाच्या ठोक्यावर चालणारं वेळापत्रक आणलं. मोठ्या स्टेशनांत वेगवेगळ्या दिशांच्या गाड्या थोड्या-थोड्या मिनिटांच्या अंतरानं येतात, माणसं या गाडीतून त्या गाडीत जातात आणि गाड्या पुन्हा पांगतात. चुकलीच, तर त्याच मिनिटाला पुढच्या तासात दुसरी असते, कित्येक मार्गांवर अर्ध्या तासातच. काळजी करायची तर ती पॅरिसची करा. युरोस्टार येते गार द्यू नॉरला, लिरिया सुटते गार द लियाँवरून. ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. मध्ये आरईआर 'डी' लाइननं दोनच स्टॉप असले, तरी तिकीट, सरकते जिने, गर्दी आणि बॅगा आहेतच. दोन गाड्यांत दोन तास ठेवावेत. दोन्ही तिकिटं स्वतंत्र काढलेली असली, तर पहिली गाडी उशिरा आल्यानं चुकलेल्या दुसऱ्या गाडीचे पैसे परत मिळतीलच असं गृहीत धरू नका.

सामानाबद्दल थोडक्यात: युरोस्टारच्या साध्या वर्गात माणशी दोन बॅगा (85 सेंटिमीटरपर्यंत) आणि एक हातातली पिशवी चालते. वजन कुणी करत नाही. पण उचलायला हमालही नाही. जी बॅग तुम्हाला एकट्याला डब्यात चढवता येत नाही, ती घरी ठेवा.

व्हिसाबाबत दोन चुका वारंवार होतात. पहिली, 'ब्रिटनचा व्हिसा आहे, म्हणजे झालं.' ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. भारतीय पासपोर्टवर वेगळा शेंगेन व्हिसा लागतोच. तो आपण जिथे राहतो त्या देशातून काढायचा असतो. त्यामुळे पाहुणे म्हणून येणाऱ्या आई-बाबांनी तो भारतातूनच काढून आणलेला बरा. दुसरी चूक, 'गाडी आधी फ्रान्समध्ये शिरते, म्हणून अर्ज फ्रान्सकडे.' नियम असा, की जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज. दोन्हीकडे सारख्याच रात्री असतील, तरच पहिल्या प्रवेशाचा देश. पॅरिसला दोन रात्री आणि झरमॅटला चार, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसला, तरी डिसेंबर 2008 पासून शेंगेनमध्ये आहे.

पासपोर्टची तपासणी पॅरिसला होते, हाही एक समज. ती लंडनमध्येच होते. सेंट पँक्रसवर फ्रेंच पोलीस पासपोर्ट बघतात आणि पॅरिसला उतरून तुम्ही सरळ बाहेर पडता. म्हणून युरोस्टारची गेटं गाडी सुटायच्या अर्धा तास आधी बंद होतात. एक ते दीड तास आधी पोचायला हवं. ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, तिलाही वेळ लागतो. आणखी एक, घरचा डबा नेता येतो, पण ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. श्रीखंड, पनीर, चीज सँडविच लंडनलाच संपवा. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या.

रेल्वे-पासचं गणित अनेकांना पासपोर्टवर अवलंबून वाटतं. ते राहण्याच्या जागेवर आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मुलानं, पासपोर्ट भारतीय असला तरी, इंटररेल घ्यायचा. भारतातून आलेल्या आई-बाबांनी युरेल. यातला कुठलाही पास असला तरी युरोस्टार आणि लिरियाच्या जागेचे पैसे वेगळे पडतात, आणि पासवाल्यांसाठी जागा मोजक्याच असतात. फक्त स्वित्झर्लंडमध्ये फिरायचं असेल, तर स्विस ट्रॅव्हल पास जास्त सुटसुटीत. तो झरमॅटपर्यंत पूर्ण चालतो, तिथून वर गॉर्नरग्राटला जाणाऱ्या डोंगरी रेल्वेला निम्मं भाडं पडतं.

झरमॅट म्हटलं की ग्लेशियर एक्स्प्रेस, असंही डोक्यात बसलंय. ती गाडी झरमॅटला 'पोचण्यासाठी' नाही. झरमॅट ते सेंट मॉरित्झ 291 किलोमीटर ती आठ तासांत जाते आणि तिला आरक्षण सक्तीचं आहे. पण त्याच रुळांवरून साध्या गाड्याही धावतात, तेच डोंगर दाखवत, आरक्षणाशिवाय. फिस्पहून वर जाणारी गाडी त्यातलीच. आपल्या बोरघाटात चढ 37 मीटरला एक मीटर आहे, त्यालाही मागून इंजिन जोडावं लागतं. इथं काही ठिकाणी तो आठाला एक होतो. तिथं रुळांच्या मधल्या दातेरी पट्टीत गाडीखालचं चाक अडकतं आणि गाडी सावकाश वर सरकते. झरमॅट गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटरवर, म्हणजे जवळजवळ कळसुबाईच्या माथ्याइतकं उंच. त्यामुळे गावात पोचल्यावर दम लागेल ही भीती नको. काळजी घ्यायची ती 3,089 मीटरवरच्या गॉर्नरग्राटला.

आणि गाडी भाड्यानं घेऊन थेट हॉटेलच्या दारात जाऊ, असं कुणी म्हणालं तर त्यांना माथेरानची आठवण करून द्या. झरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना बंदी आहे. मोटारी पाच किलोमीटर अलीकडे टेश गावी ठेवायच्या. टेश म्हणजे तिथला दस्तुरी नाका. पुढे शटल रेल्वे बारा मिनिटांत गावात सोडते आणि गावात विजेवरच्या छोट्या टॅक्स्या धावतात. रेल्वेनं आलेल्याला यातलं काहीच करावं लागत नाही. तो थेट गावाच्या मध्यावर उतरतो, आणि गॉर्नरग्राटची गाडी रस्त्यापलीकडेच उभी असते. विजेवर चालणारी ती दातेरी रेल्वे 1898 पासून सुरू आहे.

एक गोष्ट मात्र खरी मानू नका: स्विस गाडी कधी बंदच पडत नाही. एप्रिल 2025 मध्ये अचानक झालेल्या जोरदार हिमवर्षावानं झरमॅटचा रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद झाले होते. म्हणून आई-बाबांचं मुंबईचं विमान झुरिकहून असेल, तर आदली रात्र झरमॅटमध्ये काढू नका. दुपारच्या गाडीनं खाली उतरा आणि मुक्काम झुरिकला करा.