'आहे' आणि 'असतात'

शाळेत आपण सर्वांनी शब्दांच्या आठ जाती पाठ केल्या. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद... परीक्षेत मार्क मिळाले आणि विषय संपला. पण श्रोतेहो, या जातींमध्ये आपल्या विचार करण्याच्या सवयीही दडलेल्या आहेत. नामाने आपण वस्तू वेगळी काढतो, विशेषणाने तिचा गुण सांगतो, आणि ती आहे की नाही याची ग्वाही क्रियापद देते.

'आहे' हे साधे क्रियापद घ्या. 'गावात विहीर आहे' या वाक्यात ते विहिरीचे अस्तित्व सांगते. 'विहीर खोल आहे' यात मात्र ते विहिरीला तिच्या गुणाशी जोडते. शब्द एक, कामे दोन. ग्रीक भाषेतही तसेच होते. ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र अरबीत नेताना भाषांतरकार इथेच अडले. कारण अरबीत वर्तमानकाळी 'घर मोठे' एवढ्यावरच वाक्य पुरे होते. दहाव्या शतकातल्या अल्-फाराबी या तत्त्ववेत्त्याने या अडचणीची चर्चा केली आहे. कोणी 'आहे'च्या जागी 'हुव', म्हणजे 'तो', हे सर्वनाम घातले, कोणी 'मौजूद' हा शब्द. मौजूदचा मूळ अर्थ 'सापडलेला'. जे आहे ते सापडले पाहिजे, असे तो शब्द जणू बजावतो.

मराठीने याहून एक बारीक भेद जपला आहे. 'या माठातले पाणी थंड आहे' आणि 'माठातले पाणी थंड असते.' पहिल्या वाक्याला एक घोट पुरतो. दुसरे वाक्य जगातल्या साऱ्या माठांविषयी बोलते. शिवाय 'असते' मोठे चिवट. 'प्रत्येक माठातले' म्हटले, तर कोमट पाण्याचा एकच माठ ते विधान खोटे ठरवतो. 'असते' मात्र अपवाद पचवून तसेच उभे राहते.

एकदा प्रवासात शेजारच्या गृहस्थांना कळले, की मी मराठीत कविता लिहितो. माझे नाव ऐकून म्हणाले, "अहो, पण तुमच्यातले लोक उर्दूवाले असतात ना?" माणूस भला होता. मी सांगितले, माझी आजी जात्यावर मराठी ओव्या म्हणायची. ते मनापासून म्हणाले, "मग तुम्ही वेगळे आहात!" मला 'आहात' मिळाले, त्यांचे 'असतात' जागचे हलले नाही.

त्यांना दोष कसा देऊ? 'शहरातली माणसे कोरडी असतात', हे मीही कितीदा बोललो आहे. आता 'असतात' ओठांवर आले, की तो जुना मौजूद आठवतो आणि मी स्वतःलाच विचारतो : बाबा रे, अशी तुला सापडली किती?