दुसऱ्या आठवड्याचं गिऱ्हाईक

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी दुकानात येणारं गिऱ्हाईक आणि त्यानंतर दहा दिवसांनी येणारं गिऱ्हाईक, दोघंही पाचवीच्याच पोरासाठी वह्या घेतात. माल तोच, भाव तोच, गल्ल्यावर बसलेली मीही तीच. तरी रविवारवाल्याचं बिल दरवेळी मोठं होतं. फरक असतो तो घाईचा.

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका गल्लीत आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं, गेली एकोणीस वर्षं मी बघते. जूनचे पंधरा दिवस म्हणजे आमची सुगी. तेव्हा बचतीच्या गोष्टी मी सांगायच्या म्हणजे आपल्याच पोटावर पाय द्यायचा. पण मलाही दोन मुलं आहेत, आणि दुकान घरचं असलं तरी वह्या झाडाला लागत नाहीत.

रविवारी काय होतं ते सांगते. यादीवर लिहिलेलं असतं, ‘वह्या १४, मोठ्या’. बस. मी विचारते, एकरेघी का दुरेघी? शंभर पानी का दोनशे? नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. मागून चार जण हात पुढे करून उभे असतात. मग ठरलेलं वाक्य येतं, “द्या ओ ताई दोनशे पानीच, कमी नको पडायला.” घरी जाऊन रात्री जागून चौदा वह्यांना खाकी कव्हरं घालतात, नावं टाकतात. बुधवारी बाई वर्गात सांगतात, गणिताला चौकोनी, विज्ञानाला एका बाजूला कोरी. गुरुवारी ती मंडळी परत हजर. कव्हर घातलेली, नाव टाकलेली वही मी बदलून देणार कशी?

म्हणून माझं पहिलं सांगणं : पहिल्या दिवशी दोन वह्या, पेन्सिल, खोडरबर आणि डबा एवढं पुरतं. बाकीचं वर्गशिक्षकांनी सांगितल्यावर घ्या. वह्या कुठे पळून जात नाहीत. उलट जूनअखेरीस आम्हालाच उरलेला माल काढायचा असतो, तेव्हा घासाघीसही चालते. तीन-चार घरांनी मिळून डझनावर मागितल्या तर तेव्हा मी सुट्या भावाला धरून बसत नाही.

पुस्तकांचं गणित त्याहून सोपं आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तकं समग्र शिक्षा योजनेतून मोफत मिळतात. तरीही ‘आधी घेऊन ठेवू’ म्हणून दरवर्षी कुणीतरी संच विकत नेतंच. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवूनही घेता येतात, एखादं हरवलं तर तेवढ्यापुरतं भागतं. वरच्या वर्गातल्या ताई-दादाची जुनी पुस्तकं घ्यायची असतील तर अभ्यासक्रम बदललाय का ते आधी विचारा. पहिलीचं पुस्तक २०२५ मध्ये बदललं, पुढच्या इयत्तांची टप्प्याटप्प्यानं बदलताहेत. आणि शाळेनं सांगितलेल्या एकाच दुकानात भाव चढा वाटला, तर मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारायला घाबरू नका. सीबीएसई या केंद्रीय मंडळाने तर २०१७ मध्येच आपल्या शाळांना बजावलं होतं, की वह्या, गणवेश, बूट ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती पालकांवर करू नका.

मध्यंतरी २०२३ मध्ये सरकारने पुस्तकातच कोरी पानं घातली, तेव्हा आमच्या पोटात गोळा आला होता. आता वह्या घेणार कोण? पण पोरांना वह्या लागल्याच. २०२५ मध्ये ती पानं बंद झाली. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वह्या, पेन्सिली, शार्पनर यांच्यावरचा १२ टक्के आणि खोडरबरावरचा ५ टक्के जीएसटी गेला. दप्तराला ही सूट नाही. वही घेताना तिच्यावर छापलेला महिना-वर्ष बघा. माल त्याआधीचा असेल तर किमतीबद्दल विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता वही हातात घ्या आणि उलटी करा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात पानांची संख्या असते. लोक जिला ‘दोनशे पानी’ म्हणतात, तिच्यावर पुष्कळदा १७२ लिहिलेलं असतं. दोन वह्यांची किंमत शेजारी ठेवून तुलना करायची नाही. किमतीला पानांनी भागायचं, मग कळतं स्वस्त कुठली. कार्टूनच्या कव्हरचे पैसे वेगळे लागतात, आत कागद तोच. मी माझ्या मुलांना एकच मुभा देते : एक वस्तू तुमच्या पसंतीची, बाकी माझ्या. धाकटी दरवर्षी लेबलांचा कागद निवडते. कंपासपेटीपेक्षा तो कितीतरी स्वस्त.

आणि दोनशे पानी सगळ्या विषयांना लागतच नाही. मार्चमध्ये मुलांच्या वह्या काढून बघा. कार्यानुभवाची, सामान्य ज्ञानाची वही निम्मीसुद्धा भरलेली नसते. ही कोरी पानं रद्दीत देऊ नका. वहीत मधोमध पिना असतात, म्हणून शेवटचं पान पहिल्या पानाला जोडलेलं असतं. नुसतं ओढलं तर दोन्ही हातात येतात. वही निम्म्याहून जास्त कोरी असेल तर पिना उचकटा, मधली जोडपानं अख्खी निघतात. शेवटची थोडीच पानं कोरी असतील तर ती घडीवर पट्टी धरून कापा, रचून कडा ठोकून सारख्या करा, कडेपासून बोटभर आत दाभणाने तीन भोकं पाडा आणि दोरा ओवून गाठ मारा. जुन्याच वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर खळीने वरून चिकटवलं की कच्च्या कामाची वही तयार. दोन मुलांच्या वह्यांतून आमच्याकडे दरवर्षी अशा तीन निघतात.

दप्तराचं म्हणाल तर कापड फाटल्यामुळे टाकलेलं दप्तर मी क्वचितच बघते. चेन बिघडते म्हणून टाकतात. त्यातही बहुतेक वेळा चेन धड असते, रनर सैल झालेला असतो. चौकातला बॅग दुरुस्तीवाला तो पाच मिनिटांत बदलतो, नव्या दप्तराच्या मानाने चिल्लर पैशांत. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आहे. म्हणजे २५ किलोच्या पोराला अडीच किलो. चमचमत्या, कप्प्याकप्प्यांच्या दप्तराचं रिकामंच वजन त्यातला केवढा वाटा खातं, ते एकदा काट्यावर ठेवून बघा.

बुटांची घाई तर आपल्या हवेला मानवतच नाही. साताऱ्याच्या पावसात काळे बूट महिनाभरात फुगतात. शाळा चालवून घेत असेल तर जूनमध्ये पावसाळी सँडल घ्या आणि बूट पाऊस ओसरल्यावर. तोवर पाऊलही थोडं वाढलेलं असतं. गणवेशाचंही तसंच. एक जोड नवा, एक मागचा. शिवून घेणार असाल तर शिंप्याला सांगा, पँटीच्या खाली आणि बाजूच्या शिवणीत माया जास्त सोड. पुढच्या जूनला उसवून दोन बोटं वाढवता येते.

गेल्या जूनला शाळा सुरू होऊन आठवडा उलटल्यावर एक बाई आल्या. सोबत चौथीतली मुलगी. खांद्यावरच्या कापडी पिशवीतून मागच्या वर्षीच्या वह्या काढून त्यांनी काउंटरवर मांडल्या. पोरगी एकेक वही उघडून सांगत होती, “ही चालेल, ही नाही, हिच्यात बाईंनी चौकोनी सांगितलीय.” शेवटी घेतल्या पाच वह्या, दोन पेन्सिली आणि लेबलांचा एक कागद. आदल्या रविवारी चौथीच्याच एका मुलीचं बिल मी साडेनऊशेचं केलं होतं. यांचं दोनशेच्या आत झालं.

पैसे देऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, “ताई, वही शिवायला जाड दोरा मिळेल का?”

तो काही मी विकत नाही. खणातल्या माझ्या रिळाचा हातभर तोडून दिला.